बिऱ्हाड प्राणवायूचे

‘त्यांना ऑक्सिजन लावलाय,’ हे वाक्य आपल्याकडे नेहमी हलक्या आवाजात उच्चारले जाते. ऐकणाराही पुढे फारसे विचारत नाही. परगावच्या मुलांना कळवले का, एवढाच प्रश्न उरतो. चित्रपटांनी आणि पुढे मालिकांनी हे समीकरण आपल्या मनात पक्के बसवले आहे. नाकावर मुखवटा, शेजारी उंच सिलिंडर, दाराबाहेर रडणारी मंडळी. प्राणवायूची नळी म्हणजे शेवटचा अंक, अशीच आपली समजूत आहे.

२०२१ च्या उन्हाळ्याने ही भीती अधिकच खोल रुजवली. १९ एप्रिलला रिकामे टँकर घेऊन पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे निघाली. दोनच दिवसांनी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. एका सिलिंडरसाठी रात्रभर फोन फिरवणारी घरे त्या महिन्यात गल्लोगल्ली होती. हे विसरणे शक्य नाही, आणि विसरूही नये.

परंतु प्राणवायूची दुसरीही एक हकिकत आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. ती रुग्णालयातली नसून घरातली आहे. आपल्या आसपास अशी माणसे आहेत की जी नाकाला बारीक नळी लावून वर्षानुवर्षे जगतात. पेपर वाचतात, नातवाचा अभ्यास घेतात, भाजी निवडतात, गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. त्यांच्यासाठी प्राणवायू हा शेवटचा अंक नाही, चष्म्यासारखे रोजचे साधन आहे. फरक इतकाच की चष्मा खिशात मावतो, आणि याचे मात्र बिऱ्हाड करावे लागते. ते नीट करता आले तर माणूस घराबाहेर पडतो. करता आले नाही, तर त्याच नळीने तो पलंगाला बांधला जातो.

धूर कुठला, दम कुणाचा?

ही पाळी येते कोणावर? दीर्घकाळच्या श्वासनलिकांच्या विकारात, ज्याला डॉक्टर ‘सीओपीडी’ म्हणतात, फुप्फुसे हळूहळू निकामी होत जातात. फुप्फुसाच्या ऊतींना वण पडून ती कडक होण्याचे आजारही आहेत. दगडखाणीत उमेद घालवलेल्या कामगाराला सिलिकाची धूळ गाठते. कबुतरांच्या विष्ठेची व पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करते. शहरातल्या वळचणीखाली राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

‘आमच्या आईने कधी विडी ओढली नाही, मग तिला हे कसे?’ असे पुष्कळ जण विचारतात. तिने विडी ओढली नसेल, पण तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी घेऊन धूर ओढला असेल. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले, तेव्हा लाकूड, गोवऱ्या आणि काटक्यांचा हा धूर त्या मांडणीत अग्रस्थानी होता. गॅस घरात आला तरी आधीच्या वर्षांचा हिशेब फुप्फुसांनी मांडून ठेवलेला असतो.

सवयीची भीती

डॉक्टरांनी घरी प्राणवायू घ्यायला सांगितला की पहिला प्रश्न येतो तो, ‘एकदा लावला की त्याची सवय लागेल ना?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. एकेकाळी खुद्द डॉक्टरांनाही ही शंका वाटे. अशा रुग्णांनी पडून राहावे, हालचाल करू नये, असाच सल्ला दिला जाई. १९६० च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवरूप प्राणवायूची हाती नेता येणारी टाकी देऊन रुग्णांना चालते केले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत ही माणसे फिरू लागली, तेव्हा जुनी समजूत डळमळली.

पुढे दोन चाचण्यांनी प्रश्न निकालात काढला. ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. रक्तातील प्राणवायू फार कमी झालेल्या ८७ रुग्णांपैकी ४२ जणांना रोज किमान १५ तास प्राणवायू दिला, ४५ जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातले १९ दगावले, दुसऱ्यातले ३०. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या अमेरिकेतील चाचणीत केवळ रात्री घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे अधिक जगले. म्हणजे ‘बरे वाटत नाही तेव्हा थोडा वेळ’ हा आपल्या घरातला लाडका प्रकार फारसा उपयोगाचा नाही. पंधरा तास म्हणजे पंधरा तास. झोपेचे आठ त्यात धरले तरी जागेपणी सात उरतात, आणि ते पलंगावर काढायचे की माणसांत, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दम लागणाऱ्या प्रत्येकाला प्राणवायू लागत नाही. २०१६ साली अमेरिकेतील आणखी एका मोठ्या चाचणीत, ज्यांची घट मध्यम स्वरूपाची होती त्यांना त्याचा लाभ दिसला नाही. साधारणपणे आजार स्थिर असताना धमनीतील रक्ताच्या तपासणीत प्राणवायूचा दाब ५५ किंवा त्याहून कमी भरला, अथवा बोटावरच्या यंत्रात ८८ टक्के किंवा त्याखाली आकडा राहिला, तर विचार होतो. रुग्णालयातून घरी सोडताना सुरू केलेला प्राणवायू पुढे कायम लागेलच असे नाही, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. शेजाऱ्यांनी घेतले म्हणून यंत्र घेण्याची ही वस्तू नव्हे.

प्राणवायू हे औषध आहे

हे वाक्य घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे इतके महत्त्वाचे आहे. औषधाला मात्रा असते, तशी यालाही आहे. मिनिटाला किती लिटर, किती तास, बसताना किती, चालताना किती आणि झोपेत किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

अनर्थ पुष्कळदा मायेपोटी होतो. वडिलांना धाप लागलेली पाहवत नाही म्हणून मुलगा दोनाचे चार करतो. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा प्राणवायूमुळे शरीरात कर्बवायू साठत जातो. सकाळी डोके दुखणे, दिवसा गुंगी येणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत. म्हणून अशा रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात. शेजारच्या काकांचे ९८ येते म्हणून आपलेही ९८ यावे हा हट्ट इथे घातक ठरू शकतो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे. १९७० च्या दशकात जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने त्यामागचे तत्त्व शोधले. हे चिमुकले यंत्र उपयोगी खरे, पण भोळे आहे. बोट गार असेल, नखाला रंग किंवा मेंदी असेल, हात हालत असेल तर ते चुकीचे सांगते. सावळ्या त्वचेवर ते काही वेळा आकडा प्रत्यक्षाहून जास्त दाखवते, असेही दिसून आले आहे. मिनिटभर हात स्थिर ठेवून मग वाचावे, आणि आकड्याइतकेच माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावे. दर पाच मिनिटांनी बोट चिमटीत धरून बसण्याने रुग्णाचा जीव मात्र टांगणीला लागतो.

तीन साधने, तीन हिशेब

घरात प्राणवायू मुख्यतः तीन रूपांत येतो. पहिले रूप सिलिंडरचे. वैद्यकीय प्राणवायूचा सिलिंडर काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा असतो. घरी बहुधा ‘बी टाइप’ येतो, त्यात सुमारे १५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला २ लिटरप्रमाणे भागले की ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास. मोठ्या ‘जम्बो’त सुमारे ७००० लिटर, म्हणजे त्याच वेगाने ५८ तास. दाबमापकाचा काटा अर्ध्यावर आला की वेळही अर्धी उरली असे समजावे. हा भागाकार घरातल्या प्रत्येकाला, दहावीतल्या नातीलासुद्धा, तोंडपाठ असावा. काटा पाव भागावर येण्याची वाट न पाहता दुसरा सिलिंडर मागवावा, कारण तो नेमका रविवारी किंवा पाडव्याला संपतो.

दुसरे रूप विजेवर चालणाऱ्या यंत्राचे, म्हणजे कॉन्सन्ट्रेटरचे. हे यंत्र प्राणवायू ‘तयार’ करत नाही. हवेत २१ टक्के प्राणवायू असतोच. यंत्रातल्या झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक दाणे दाबाखाली नत्रवायू धरून ठेवतात, आणि मागे नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू उरतो. त्यामुळे ते भरून आणावे लागत नाही. वीज मात्र खाते. साधारण ३५० वॉटचे यंत्र १५ तास चालले तर रोज सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. वीजबिलाचा हा आकडा घर चालवणाऱ्याला आधीच सांगितलेला बरा. दीडशे अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी एवढ्या भारावर तीन-साडेतीन तास टिकते. म्हणून जिथे वीज जाते, तिथे यंत्राशेजारी भरलेला सिलिंडर हवाच. पावसाळ्यात कोकणात आणि भारनियमनाच्या दिवसांत खेड्यापाड्यांत यात हयगय नको.

यंत्राला भिंतीपासून फूटभर मोकळी जागा द्यावी, पडद्यामागे किंवा कपाटात कोंबू नये. मागची जाळी दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. बुडबुड्यांच्या बाटलीत नळाचे पाणी घालू नये. उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी खुणेपर्यंतच भरावे आणि रोज बदलावे. नळीतून हवा येते की नाही अशी शंका आली तर तिचे टोक पेलाभर पाण्यात बुडवून पाहावे. बुडबुडे आले की समजावे, नळी ठीक आहे. न आल्यास कुठेतरी ती पलंगाच्या पायाखाली दबली आहे का ते आधी शोधावे.

२०२१ साली घेतलेली कित्येक यंत्रे आज माळ्यावर पडून आहेत. दमट हवेत बंद राहिलेल्या यंत्रातले दाणे ओलावा धरतात आणि शुद्धता घसरते. असे यंत्र कोणाला देण्याआधी तंत्रज्ञाकडून शुद्धता मोजून घ्यावी. आवाज येतो, वारा येतो, पण प्राणवायू पुरेसा नसतो, अशी फसवणूक त्यात होऊ शकते.

तिसरे रूप खांद्याला अडकवायच्या छोट्या यंत्राचे. दोन-तीन किलोचे हे यंत्र लाख-दोन लाखांच्या घरात जाते, म्हणून घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. बहुतेक लहान यंत्रे सतत प्राणवायू सोडत नाहीत. आपण श्वास आत घेतला की तेवढ्यापुरता एक झोत देतात. त्यावरचा ‘२’ हा आकडा म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. मिनिटाचा सारा हिशेब बहुधा लिटरभराच्या आसपासच असतो. कोणाला तो पुरतो, कोणाला पुरत नाही. झोपेत, तोंडाने श्वास घेणाऱ्याचा हलका श्वास यंत्राला कळतही नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी तेच यंत्र लावून डॉक्टरांसमोर सहा मिनिटे चालून पाहावे आणि बोटावरचा आकडा कुठवर उतरतो ते बघावे.

देवघर आणि स्वयंपाकघर

प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण तो असला की बाकी सारे झपाट्याने पेटते. कपडे, केस, पांघरूण यांत तो मुरतो. परदेशी पुस्तिकांत ‘धूम्रपान करू नका’ एवढे ठळक छापलेले असते. आपल्या घरात तेवढे पुरत नाही. इथे समई आहे, निरांजन आहे, कापूर आहे, उदबत्ती आहे, संध्याकाळी डासांसाठी लावलेली कॉइल आहे, न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे.

यात सगळ्यांत अवघड प्रश्न घरातल्या बाईचा असतो. जिने आयुष्यभर सकाळी दिवा लावला आणि दोन वेळा चूल पेटवली, तिला आता सांगायचे की ज्योतीजवळ जाऊ नकोस. हे फक्त सुरक्षिततेचे बोलणे नाही. तिचा घरातला अधिकारच त्याने काढून घेतला जातो. पण वाट निघते. देवघरात विजेचा दिवा ठेवता येतो, आरतीचे तबक दुसऱ्या कोणी हाती घ्यावे, तिने दोन-तीन मीटर अंतरावर बसून म्हणावे. भाजी चिरणे, पीठ मळणे, मीठ-तिखटाचा अंदाज सांगणे हे टेबलाशी बसून होते. गॅसपाशी मात्र नळी लावून उभे राहू नये, आणि यात ‘एवढा चहा टाकते’ ही सवलतही नको. सणाच्या दिवशी धूप आणि फटाके यांचा धूर त्या खोलीत येणार नाही याची काळजी आधीपासून घ्यावी.

तेल व मलम यांचाही संबंध येतो. सिलिंडरच्या तोटीला किंवा रेग्युलेटरला तेल, ग्रीस कधीही लावू नये, तेलकट हातांनी ती उघडूही नये. नाक कोरडे पडले म्हणून व्हॅसलिन किंवा बाम चोपडू नये, त्यासाठी पाण्यात विरघळणारी मलमे डॉक्टरांकडून मिळतात. नळीने कानामागे घासत असेल तर मऊ कापसाची घडी ठेवावी. सिलिंडर उभा बांधून ठेवावा. आणि घरभर फिरणारी लांब नळी उठावदार असावी, म्हणजे आजी वाचेल आणि अडखळणारा नातूही.

उंबऱ्याबाहेर

आता बाहेर पडण्याविषयी. जिना उतरताना श्वास सोडत पाय टाकावा. शीळ घातल्यासारखे ओठ करून सावकाश श्वास सोडला तर धाप आटोक्यात येते. बाहेर नेलेल्या लहान सिलिंडरचा हिशेब जाण्याचा, थांबण्याचा आणि परतण्याचा असा तिपदरी मांडावा, आणि वर अर्धा पदर गर्दी व उशिरासाठी धरावा. मोटारीत सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधावा, काच थोडी खाली असावी, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो ठेवून जाऊ नये.

रेल्वेने जाताना डॉक्टरांचे पत्र जवळ हवे. डब्यातल्या चार्जिंगच्या जागेवर विसंबून बॅटरी अपुरी नेऊ नये. विमानात स्वतःचा सिलिंडर नेता येत नाही. खांद्यावरचे यंत्र मात्र कंपनीची आगाऊ परवानगी आणि डॉक्टरांनी भरलेला अर्ज असल्यास नेता येते. प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुरतील एवढ्या बॅटऱ्या हातातल्या सामानात असाव्यात. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्यासारखा असतो, हे कित्येकांना ठाऊक नसते. जमिनीवर ज्याला प्राणवायू लागत नाही, अशालाही तिथे तो लागू शकतो. महाबळेश्वरही सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासात मुंबईपेक्षा साधारण १५ टक्के कमी प्राणवायू मिळतो. घाट चढण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

या सगळ्या अडचणी सुटतात. सुटत नाही ती लाज. ‘नाकात नळी घालून लग्नाला कसे जायचे?’ हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. मग ते नळी घरी ठेवून जातात, दोन तास धापा टाकत बसतात आणि पुन्हा कुठे जायचे नाही असे ठरवतात. काही घरांत तर मुलेच म्हणतात, ‘बाबा, तुम्ही घरीच थांबा, उगाच दगदग.’ बोलणे प्रेमाचे असते, पण त्यातून माणसाच्या भोवती एक खोली बांधली जाते. चालणे बंद झाले की पायांचे स्नायू झडतात, स्नायू झडले की थोड्या हालचालीने जास्त दम लागतो, आणि जास्त दम लागला की आणखी बसून राहावेसे वाटते.

भार कोणाच्या खांद्यावर?

सिलिंडरची जुळणी, बाटलीचे पाणी, रात्री वाजणारी धोक्याची शिटी, हे सारे कोण पाहते? बहुतेक घरांत बायको, सून किंवा मुलगी. यंत्राच्या भुणभुणीत तीही रात्रभर अर्धवट जागी असते. म्हणून कामे वाटून घ्यावीत. दर रविवारी जाळी धुणे मुलाकडे, सिलिंडरचा हिशेब वहीत लिहिणे नातवाकडे. फ्रीजवर एक कागद लावावा. त्यावर मात्रा, डॉक्टर, सिलिंडरवाला, यंत्र दुरुस्त करणारा, रुग्णवाहिका यांचे क्रमांक असावेत. वीज गेली तर कोणी काय करायचे याची एकदा तालीमही करावी. घाबरलेल्या हातांना ऐन वेळी रेग्युलेटर बसवता येत नाही.

खर्चाचे दडपण खरे आहे. सगळे विकत घेण्याची गरज मात्र नसते. महाराष्ट्रात गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. कुबड्या, चाकाची खुर्ची, पलंग यांच्याबरोबर पुष्कळ ठिकाणी प्राणवायूचे यंत्रही अल्प भाड्याने किंवा अनामत रकमेवर मिळते. ज्यांच्या माळ्यावर २०२१ चे यंत्र धूळ खात आहे, त्यांनी ते तपासून अशा केंद्राला दिले, तर ते पुन्हा कोणाच्या तरी श्वासाला लागेल. शिवाय गृहनिर्माण संस्थांनी जिन्याच्या वळणावर एक साधी खुर्ची ठेवली आणि मंगल कार्यालयांनी दाराशी एक मोकळा प्लग दिला, तर त्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची गरज नाही.

आपल्या भाषेने या वायूला ‘प्राणवायू’ असे नाव दिले आहे. प्राण म्हणजे नुसते जिवंत असणे नव्हे. चार माणसांत बसणे, रुसणे, हसणे, कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः पाव किलो साखर आणणे हेही त्यातच येते. रोजचे पंधरा तास मोजून देणारे यंत्र बाजारात मिळते. ते तास कुठे आणि कोणाबरोबर जातील, हे मात्र घरच्यांनाच ठरवायचे असते. पुढच्या लग्नाची पत्रिका येईल तेव्हा अशा काकांच्या नावापुढे ‘त्यांना जमणार नाही’ असे परस्पर ठरवू नका. त्यांच्यासाठी प्लगजवळची खुर्ची राखून ठेवा आणि तसे त्यांना आधी कळवा.